मीराबाईंच्या फोनमधली सहाशे चौदा माणसं

मीराबाई ताकसांडे आमच्या गिरडच्या अंगणवाडीत सेविका आहेत, चौतीस वर्षांपासून. गावातली अर्धी तरुण पिढी त्यांच्या वजनकाट्यावर रडलेली आहे. मी इथल्या शाळेत भूगोल शिकवतो, आणि माझ्या वर्गात येणारं जवळपास प्रत्येक पोर आधी त्यांच्या हाताखालून आलेलं असतं. पोरगं नवीन आलं की मी विचारतो, "अंगणवाडी कोणती?" "मीराबाईची" म्हटलं की समजायचं, याला हात धुवायला सांगावं लागणार नाही.

बाईंचा आवाज मोठा आणि बोलणं थेट. गावात कुणाला क्षयरोग झाला आणि लोक त्याच्या दारावरून जाईनासे झाले, की बाई मुद्दाम त्याच्याच ओसरीवर बसून चहा पिणार. पाळी, पाळणा लांबवणं, नवऱ्याची दारू, ज्या गोष्टी बायका कुजबुजत बोलतात त्या बाई भर चौकात बोलतात. "लपवलं तं वाढते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पुरळ असो की कर्ज, असं मी पुढे जोडतो, पण ते कसं ते आता सांगतो.

दोन वर्षांपूर्वी बाई अंगणवाडीच्या दारात खिचडीच्या पातेल्याला अडखळून पडल्या. समोरचे तीन दात गेले. एकोणसाठ वर्षांची बाई, दात गेले तर गेले, असं कुणीही म्हणेल. घरचेही तेच म्हणाले. पण महिनाभरावर मयुरीचं, म्हणजे त्यांच्या मुलीचं लग्न होतं, आणि बाईंना फोटोत तोंड मिटून उभं राहायचं नव्हतं. हिंगणघाटच्या दातांच्या डॉक्टरांनी आठ हजार सांगितले. बाईंकडे तीन होते. लग्नाच्या धामधुमीत नवऱ्याला दातांसाठी पाच हजार मागायचे तरी कोणत्या तोंडानं? बचत गटात मागितले असते, पण गटात कारण लिहावं लागतं, आणि लिहिलेलं कारण संध्याकाळपर्यंत बसस्टँडवर पोचतं.

तेवढ्यात फोनवर जाहिरात दिसली. पाच मिनिटांत कर्ज, कागद नको, जामीन नको. बाईंनी ते ॲप उघडलं. त्यानं आधार कार्ड मागितलं, दिलं. कॅमेऱ्यासमोर चेहरा मागितला, दिला. फोनमधले नंबर बघायची परवानगी मागितली, तीही दिली, कारण परवानगी दिल्याशिवाय पुढचं पान उघडतच नव्हतं. ॲपनं आठ हजार मंजूर केले आणि खात्यात जमा केले पाच हजार दोनशे. बाकीचे कसल्या कसल्या शुल्काचे म्हणून आधीच कापले. मुदत सात दिवस.

दात बसले. लग्न झालं. फोटो सुरेख आले. पण कर्जाच्या सहाव्या दिवसापासूनच फोन सुरू झाले होते. आठ हजार भरा. नसतील तर चोवीसशे भरून आठवडाभर मुदत वाढवा, मुद्दल तसंच राहील. बाईंनी चार वेळा मुदत वाढवली. दोनदा मानधनातून, दोनदा चांदीचे तोडे मोडून. पाच हजार दोनशे घेतले, नऊ हजार सहाशे भरले, आणि बाकी अजून आठ हजारच.

गावाला एवढंच दिसलं, की मीराबाई गप्प झाल्या. गृहभेटी कमी झाल्या. चौकातून जाताना बाई खाली मान घालून जाऊ लागल्या. आम्हाला वाटलं, लेक सासरी गेली म्हणून असेल.

त्यांचे यजमान प्रेमदास एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, आता निवृत्त. बोलणं कमी, पण कान पक्के. इंजिनाच्या आवाजावरून दोष ओळखणारा माणूस. एका दुपारी ते जेवायला बसले आणि पिठाच्या डब्यातून घूं घूं आवाज यायला लागला. त्यांनी झाकण उघडलं. पिठात फोन. पुसून पाहिलं, तर एकाच नंबराचे एकोणतीस कॉल.

"मयुरीची माय," ते म्हणाले, "हे काय होय व?"

बाई तिथंच, पोळपाटासमोर बसल्या बसल्या रडल्या. सगळं सांगितलं.

"मंग मले सांगतलं काऊन नाई?"

"कसं सांगू? दात नव्हते तवा बोलाची लाज वाटे, दात आले तवा तोंड राह्यलं नाई."

प्रेमदासांनी फोन पोळपाटावर ठेवला. मग म्हणाले, "तू बत्तीस वर्सं लोकायले सांगून राह्यली, लपवू नका, लपवू नका. आता तुह्यी पाळी आली तं पिठात लपवली."

हे बाईंनी स्वतः मला नंतर सांगितलं, आणि सांगताना हसल्या. पण त्या दिवशी ते वाक्य त्यांना चांगलंच झोंबलं असावं. कारण दुसऱ्या दिवशीच ॲपवाल्यांचा शेवटचा निरोप आला, की परवा सकाळपर्यंत पैसे आले नाहीत तर फोनमधल्या सगळ्यांना फोटोसह कळवू. आणि बाईंनी ठरवलं, की आपणच आधी कळवायचं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत लसीकरण होतं. चाळीस-पन्नास बाया, कडेवर लेकरं, नर्सबाई, आशाताई, सगळ्या हजर. मी शाळेतल्या मुलींची यादी द्यायला गेलो होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. बाई खुर्चीवरून उठल्या.

"आयका जी सगळ्याजणी. उद्या तुमच्या फोनवर माह्या फोटो येईन. खाली लिहिलेलं राहीन, हे बाई चोर आहे. मी चोर नाई. मीनं दातासाठी कर्ज घेतलं, या मोबाईलवरून. घेतले त्याच्या दुपटीजवळ भरले, तरी ते मांगूनच राह्यले. मी आता एक रुपया देनार नाई. तुमच्यापैकी बी कोनी माह्यासाठी देऊ नका. फोन आला तं शिव्या देऊ नका, भेऊ नका. नंबर लिहून ठेवजो आन् आलेला मेसेज मिटवू नका. झालं. चला, कोनाचं लेकरू पह्यलं?"

मग मागून शोभाबाई पुढे आल्या. बसस्टँडवर त्यांचं चहा-भजीचं हॉटेल आहे, नातवाला डोस द्यायला आल्या होत्या. जाम ते उमरेड जाणाऱ्या कुठल्याही ड्रायव्हरला एका शब्दात गप्प बसवणारी बाई. ती म्हणाली, "बाई, माह्ये तं तीन ठिकानी आहेत. एकाचे फेडाले दुसऱ्याचे, दुसऱ्याचे फेडाले तिसऱ्याचे. मी सा महिन्यापासून नीट झोपली नाई."

आणि मग भिंतीला टेकून उभी असलेली वेदश्री. तिचा नवरा तहसीलमध्ये लिपिक आहे, सुशिक्षित, नीटनेटकं घर. तिनं फक्त हात वर केला. वर्गात पोरं करतात तसा.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला मी पठारं शिकवत होतो. फोन थरथरला. अनोळखी नंबर. बाहेर येऊन उचलला.

"लांबण सर बोल रहे हैं?" पलीकडून विचारलं.

"कौन?"

"लांबण सर. मीराबाई ताकसांडे को जानते हैं आप?"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बाईंच्या फोनमध्ये माझं नाव 'लांबण सर' असं होतं. कारण मी बोलायला लागलो की लांबण लावतो, असं बाईंचं मत. मी त्या माणसाला सांगितलं की बाईंना मी चांगला ओळखतो, त्या प्रामाणिक आहेत, आणि तुमचा हा नंबर मी लिहून घेतला आहे. फोन ठेवला. पण वर्गात परत आल्यावर जरा चुटपुट लागली. पोरांना विचारलं, "मी फार लांबवतो का रे?" सगळ्यांनी वह्यांत डोकी घातली. पठारं त्या दिवशी दहा मिनिटं आधी संपवली.

माझं एकट्याचं नव्हतं. बाईंच्या फोनमध्ये सहाशे चौदा नंबर, आणि प्रत्येक माणूस त्यांनी आपल्या सोयीनं नोंदवलेला. ॲपवाले बिचारे यादी वाचून त्याच नावानं हाक मारत होते. दुपारपर्यंत सरपंचांना कळलं की त्यांचं नाव 'सरपंच उचलत नाई' असं आहे. गंमत म्हणजे त्या दिवशी त्यांनी उचलला. चंदन दूधवाल्याला कुणीतरी विचारलं, "चंदन पातळ दूध बोल रहे हो?" तो तसाच सायकल घेऊन बाईंच्या दारात.

"बाई, हे काय लिहून ठेवलं तुमी माह्याबद्दल?"

"खोटं आहे का?"

चंदन सायकल वळवून गेला. त्या आठवड्यापासून आमच्या गल्लीत दूध घट्ट येतं, हे मात्र खरं.

सगळ्यात मोठं काम केलं भैय्याजींनी. वय अठ्ठ्याहत्तर, कानाला कमी, घरी दिवसभर एकटे. बाईंच्या फोनमध्ये ते 'भैय्याजी बीपी' होते. त्यांना फोन आला तेव्हा त्यांना वाटलं, सरकारी दवाखान्यातून कुणी तब्येतीची चौकशी करतंय. त्यांनी बीपीपासून सुरुवात केली. मग गुडघा, मग मोतीबिंदू, मग धाकट्या सुनेच्या हातची भाजी. पलीकडचा माणूस "मीराबाई, मीराबाई" ओरडत होता आणि भैय्याजी सांगत होते, "हो, हो, गोळी मीराबाईच आणून देते." चाळीस मिनिटांनी पलीकडच्यानं फोन ठेवला. भैय्याजींनी उलट लावला. चार वेळा. "पोट्टा चांगला होता," ते आम्हाला म्हणाले, "पन मधातच सोडून गेला."

बाईंचा फोटोही सगळीकडे पोचला. ॲपनं काढलेला, दात नसतानाचा. त्यावर लाल अक्षरात चोर. बाईंनी तो फोटो नीट निरखून पाहिला आणि म्हणाल्या, "फोटो तरी नवीन दाताचा टाकाचा व्हता. एवढे पैसे लागले."

हे सगळं मी आता हसत सांगतो आहे, पण पहिले दोन दिवस बाईंनी धड काही खाल्लं नव्हतं. मयुरीच्या सासरी फोन गेला, तेव्हा तर त्या खचल्याच. मयुरीच्या सासूबाईंनी मात्र नागपुरातून स्वतः फोन करून विचारलं, "ताई, दात कोन्या डॉक्टरकडून बसवले? चांगले दिसतात. मले बी बसवायचे आहेत." तेव्हा कुठं बाईंना जेवण गेलं.

तिसऱ्या दुपारी ॲपवाल्याचा फोन थेट बाईंना आला. आम्ही चार-पाचजण अंगणवाडीच्या पायरीवर होतो. बाईंनी स्पीकर लावला.

"आंटी, पूरे गाँव में बदनामी हो गई. अब तो भर दो."

"बदनामी तो मैंनेच कर दी बेटा, तुम्हारे पहले," बाई म्हणाल्या. "अब तुम ऐसा करो, कंपनी का नाम, पता, ब्याज कितना, शुल्क कितना, सब लिखके भेजो. सही-शिक्का लगाके."

"आंटी, ऐसा नहीं होता."

"होता है. हम अंगनवाडीवाले है. एक अंडा कम आया तो भी लेखी लेते है. बिना लेखी के पैसा नहीं."

मग फोन बंद.

शुक्रवारी बाई, शोभाबाई, वेदश्री आणि मी असे चौघं वर्ध्याला सायबर शाखेत गेलो. गावकऱ्यांच्या फोनवर आलेले सगळे मेसेज मी छापून घेतले होते. एकशे बारा पानं. तिथं आकांक्षा नावाच्या तरुण हवालदार होत्या. त्यांनी तो गठ्ठा हातात घेतला आणि म्हणाल्या, "लोक इथं येऊन एक मेसेज दाखवायला अर्धा तास लाजतात. तुम्ही तर ग्रंथच आणला."

आकांक्षा मॅडमनी तिघींनाही खुर्चीवर बसवून समजावलं. कर्ज देणारी संस्था रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली हवी. तिनं पैसे देण्याआधी एका पानावर एकूण खर्च लिहून द्यायला हवा, व्याज किती, शुल्क किती, वर्षाला किती टक्के पडतं, सगळं. आणि कर्जासाठी तुमच्या फोनमधल्या नंबरांना हात लावायचा कुणाला अधिकार नाही.

"म्हणजे मी लेखी मांगितलं ते बरोबर होतं?" बाईंनी विचारलं.

"अगदी बरोबर. पण मावशी, ते पैसे घेण्याआधी मागायचं."

बाई मान हलवून म्हणाल्या, "हाव. तेच चुकलं."

मॅडमनी खोटी आशा दाखवली नाही. गेलेले पैसे परत मिळतीलच असं नाही, म्हणाल्या. पैसे गेल्या गेल्या १९३० या नंबरवर कळवलं तर वाटेत अडवता येतात, उशीर झाला की हातचे जातात. वेदश्रीनं दोनच दिवसांपूर्वी चार हजार भरले होते. ते अडले, आणि काही महिन्यांनी तिला परत मिळाले. बाईंचे नऊ हजार सहाशे आणि शोभाबाईंचे त्याहून कितीतरी जास्त, ते काही आले नाहीत. पण तक्रारीनंतर नवव्या दिवशी फोन बंद झाले ते झालेच. मधल्या काळात कोणी एक रुपया भरला नाही, आणि कुणाच्या आयुष्यात आभाळही कोसळलं नाही. ते ॲप महिनाभरात दिसेनासं झालं. मग नव्या नावानं, नव्या चित्रानं परत आलं. शोभाबाईंनी ते बरोबर ओळखलं. हॉटेलात भजी तळता तळता गिऱ्हाइकांना सांगायच्या, "हे नवरी जुनीच आहे, शालू बदलला फक्त."

इतर कुणी असतं तर इथं थांबलं असतं. मीराबाई थांबल्या नाहीत. त्यांना एक प्रश्न छळत होता. तीन घरं सोडून बचत गट असताना, त्यात पैसे पडून असताना, आपण त्या ॲपच्या दारात का गेलो? शोभाबाई का गेल्या? वेदश्री का गेली?

गटाच्या पुढच्या बैठकीत त्यांनी तो प्रश्न मांडला. माझी बायको सुनीती त्या गटात आहे, तिनं घरी येऊन सगळं सांगितलं. बाईंचं म्हणणं एवढंच होतं, की दहा हजारांपर्यंतच्या कर्जाला कारण विचारायचं नाही. लिहायचंही नाही.

गटाच्या अध्यक्ष चारुताताई हिशोबाच्या पक्क्या. त्या उसळल्या. "कारण नाही विचारलं तर पैसा बुडेल. उद्या कुणी साड्या घेईल, कुणी भिशी भरेल."

"घेऊ दे साड्या. फेडनार आहे ना ते?"

"पण बाई, आपण महिला सक्षमीकरणासाठी—"

"चारुताताई," बाई म्हणाल्या, "मी तुमच्याकडे दातासाठी पाच हजार मांगाले आली असती, तं तुमी काय म्हटलं असतं? खरं सांगजो."

सुनीती सांगते, यावर चारुताताई स्वतःच हसल्या. "म्हटलं असतं, या वयात?"

"झालं तं मंग. ते 'या वयात' आयकाचं नव्हतं, म्हनून मी पाच हजाराचे नऊ हजार सहाशे भरले. ते मशीन वाईट होतं, पन त्यानं मले कायले म्हनून विचारलं नाई. आपन चांगल्या बाया, पन आपन लय विचारतो."

यावर खूप वाद झाला. दोन बैठका गेल्या. शेवटी ठराव झाला, की दहा हजारांपर्यंत, महिना दीड टक्का व्याजानं, दोन जामीनदार, आणि कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' एवढंच. चारुताताईंनी एक अट घातली, की हप्ता चुकला तर मात्र विचारणार. बाई म्हणाल्या, "तवा तं विचाराचंच. तवा तिले मदत लागन."

आता दर मंगळवारी दुपारी, लेकरं घरी गेली की अंगणवाडीच्या पायरीवर दोन-चार माणसं बसलेली असतात. गिरडचीच नाही, समुद्रपूर, जामचीही येतात. मागच्या महिन्यात कारंजा घाडगेचा एक ढाबेवाला एवढ्या लांबून मोटारसायकल मारत आला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की गिरडला एक बाई आहे, ती फोनवाल्यांना भीत नाही. बाई प्रत्येकाचा फोन हातात घेतात, आधी पाणी विचारतात, मग म्हणतात, "दाखव, काय झालं ते. लाजू नको, मी स्वतः पडली आहे त्याच्यात." कर्ज घ्यायचंच असेल तर आधी ते एक पान मागायला लावतात. पान नसेल तर ॲप तिथंच पुसायला लावतात. बऱ्याचदा त्यांना ढाबेवाल्यासारख्या एखाद्याला थेट आकांक्षा मॅडमकडे पाठवावं लागतं. मॅडमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये 'वर्धा लेक' असा आहे.

गटाच्या नव्या ठरावानंतर पहिलं कर्ज कुणी घेतलं, याची गावात फार उत्सुकता होती. मलाही होती. ते सहा हजार सुनीतीनं घेतले. मला हे कळलं कारण जामीनदार म्हणून शोभाबाईंनी सही केली आणि दुसऱ्या दिवशी हॉटेलात चहा देताना माझ्याकडे बघून त्या उगाचच हसल्या.

मी घरी येऊन विचारलं, "अगं, सहा हजार कशाला लागले?"

सुनीती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "वैयक्तिक."

"अगं, पण मी तुझा नवरा आहे."

"ठरावात नवऱ्याचा अपवाद नाही. चारुताताईंना विचारून घ्या."

दहा महिन्यांत तिनं सगळे फेडले, एकही हप्ता न चुकवता. ते पैसे कशाला घेतले, ते मला आजतागायत माहीत नाही. मीराबाईंना माहीत आहे, असा माझा संशय आहे. एकदा त्यांना मी आडवळणानं विचारूनही पाहिलं, बऱ्यापैकी लांबण लावून. त्या शांतपणे ऐकत राहिल्या, आणि मग समोरच्या लेकराला काट्यावर उभं करत म्हणाल्या, "सर, तुमचा तास सुरू झाला असन."